सतरा गुरुवार

वाचनालयातल्या मंत्रतंत्राच्या, अध्यात्माच्या कपाटापाशी मी फक्त हसायला जायचो. आज तिथलं एक व्रताचं पुस्तक घरी आणलं. असाध्य दुखण्यासाठी एकवीस गुरुवार. मंत्राचं पान हळदीच्या बोटांनी पिवळं झालेलं, समासात दर गुरुवारची पेन्सिलीची रेघ. रेघा सतराच. उद्यापनाचं पान मात्र कोरं करकरीत.

"हे आधी नेलेल्या बाई दर वेळी मुदत वाढवून घ्यायच्या; मग एक दिवस परतच देऊन गेल्या," ग्रंथपाल म्हणाले होते.

एवढे धर्म, एवढे ग्रंथ, आणि माणूस एकच मागत आला: हे एवढं एक माणूस राहू दे.

आतल्या खोलीत हिला पुन्हा उबळ आली. कशावरही विश्वास नसताना मी पेन्सिल शोधली आणि त्या सतरा रेघांखाली माझी पहिली रेघ ओढली.