शाकाहारी घरातला सिक्लिड

"ताई, मासा कणीक खायना झालाय," अप्पा फोनवर म्हणाले. "तोंड तर केवढं मोठं हाय तेचं."

अप्पा गंगाखेडचे कापडाचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. मी परभणीत अॅक्वेरियमचं दुकान चालवते. अप्पांच्या हॉलमधला टँक मीच सेट केलेला.

दुकानात आलेल्या माशांच्या एका मिक्स लॉटमध्ये हा सिक्लिड जातीचा मासा होता. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. दुकानात आलेले अप्पा त्याच्या काचेसमोर थबकले आणि म्हणाले, "माझ्याकडंच बघायलाय ह्यो." झालं. याला जिवंत खाद्य लागतं हे मी बजावून सांगितलं होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला तेवढंच ऐकू येत नाही.

मी गंगाखेडला गेले. माशाचं कपाळ खचलं होतं, पाठीचा काटा दिसत होता. समोर अप्पा मोहरीएवढ्या कणकेच्या गोळ्या वळत बसलेले. गोदावरीच्या घाटावर मासे अशा गोळ्यांवर तुटून पडतात. पूजा झाली की अप्पा घाटावर जाणारच. त्यामुळे मासा म्हटला की कणीक, हा त्यांचा हिशोब पक्का होता.

मी समजावलं. याच्या कल्ल्यांत बारीक काट्यांची चाळणी असते. हा तोंडभर पाणी घेतो, पाणी कल्ल्यांतून सोडतो आणि चाळणीत अडकलेलं गिळतो. पाण्यात तरंगणारं हे बारीकसारीक म्हणजे प्लँक्टन. कणीक त्याला अन्न वाटतच नाही.

परसात एक मोठा हौद होता. गाय विकल्यापासून पडून होता, पाणी हिरवंगार झालेलं. मी ग्लासभर पाणी घेऊन उजेडात धरलं. त्यात बारीक ठिपके उड्या मारत होते.

"हे त्याचं जेवण, अप्पा."

"हलायलेत की हे."

"जिवंत आहेत."

अप्पांनी ग्लास खाली ठेवला. "मग न्हाई जमायचं. माझ्या हातानं जीव घालणं हुनार न्हाई."

"हात लावू नका. हौदातून टँकपर्यंत छोटा पंप बसवते."

"बटण कोण दाबणार?"

"टायमर लावू."

"टायमर कोण लावणार?"

"मी लावते. मी मटण खाते, अप्पा."

दारात उभ्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पा हसले नाहीत. "म्हणजे पाप माझं, अन् बिल तुमच्या नावावर. न्हाई ताई."

ते हॉलमध्ये जाऊन टँकसमोर बसले. मासा सवयीनं काचेपाशी आला. अप्पांचे डोळे भरून आले. मलाही तिथे उभं राहवेना. हट्टी गिऱ्हाइकावर चिडायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं.

"गोदावरीतला मासा काय खातो, ते इचारायला आपण जातो का?" ते शेवटी म्हणाले. "सोडा तेला हौदात. तेचं ते बघून घेईल."

"त्या हिरव्या पाण्यात तो तुम्हाला दिसणार नाही."

"तेला जेवण दिसंल की."

मी माशाला पिशवीत घेतलं. पिशवी हौदात तरंगत ठेवली. हौदाचं पाणी थोडं थोडं आत घालून त्याला सवय केली, मग सोडलं. मांजरासाठी वर जाळी टाकली. थंडीसाठी हीटर बसवून दिला. मासा खाली गेला आणि दिसेनासा झाला.

टँक रिकामा, म्हणजे माझी दर महिन्याची सर्व्हिसही बंद. तरी मी एकदा मुद्दाम गेले. अप्पा हौदाशी स्टूल टाकून बसले होते. मी जाळं फिरवून मासा वर घेतला. कपाळ भरलेलं, पाठ गोल. अप्पांनी डोळे भरून बघितलं आणि लगेच म्हणाले, "सोडा, सोडा. दमंल."

"एरवी दिसतो का?"

"न्हाई. पर हाय की."

काचेचा टँक बघणाऱ्याच्या सोयीसाठी असतो, माशाच्या नाही. आमच्या धंद्यात हे बोलायचं नसतं. मी मात्र आता नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारते, मासा बघायचाय की पाळायचाय? बरेचजण काही न घेताच परत जातात.