अख्खं गाव ठणठणीत!

म्हाताऱ्यांचा सर्व्हे करत हिंडलं की आकडे थोडे आणि किस्से ढीगभर गोळा होतात. आकड्यांचं बरं असतं, टॅबमध्ये भरले की गेले सर्व्हरवर. किस्से कुठं पाठवायचे? ते साठत राहतात, आणि टपरीवर चहा आला की एकेक आपोआप बाहेर पडायला लागतो.

काम काय होतं ते आधी सांगतो. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंय, त्यामुळं बारामती-इंदापुरात जे काम मिळेल ते करतो. एका संस्थेचा फिरता दवाखाना सुरू होणार होता. गाडीत नर्स, फिजिओथेरपीवाल्या मॅडम, औषधं, सगळं. पण गाडी एकच आणि थांबे मोजके. जिथं मदत लागणारी म्हातारी माणसं जास्त, तिथं थांबा. बाकीच्यांनी बसायचं एसटीची वाट बघत. म्हणून आम्ही दारोदार जाऊन विचारत होतो, "रोजच्या कामात कुणाची मदत लागते का?"

एवढा सोपा प्रश्न! आणि त्याला इतकं खोटं उत्तर देणारी जमात मी जन्मात बघितली नाही.

*

कन्हेरीच्या पुढं कालव्याच्या कडेला एक वस्ती आहे. तिथले आबा म्हणजे पाण्याच्या पाळीवरून अख्ख्या कालव्याशी भांडलेला माणूस. आता वय झालंय, पण आवाज तोच.

"आबा, आंघोळ कोण घालतं?"

"घालतं? माझी मी करतो!"

मागं त्यांची सून, सुनंदावहिनी, उभी. पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत साबण.

"दवाखान्यात कोण नेतं?"

"माझा मी जातो."

"कशावर?"

"स्कुटीवर!"

"स्कुटी कोण चालवतं?"

"ती चालवती की! पर जातो कोण? मीच न्हवं?"

आबांना शुगर, पायाला जखम. ड्रेसिंगसाठी एक दिवसाआड बारामती. वहिनींच्या मागं खुरपणी, दोन गाया, पोरांची शाळा, आणि वर हा हेलपाटा. गाडी वस्तीवर थांबली तर निदान तो तरी वाचणार होता. मी म्हटलं, "मग मदत लागते असं लिहू ना, आबा?"

"मदत? घरात कुणी परकं हाय का मदत कराय?"

म्हणजे सुनेनं केलं तर ती मदतच नाही! ती आपोआप होते, नळाला पाणी येतं तशी. माझं डोकं सटकलं. मी वहिनींकडं बघितलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "लिवा भाऊजी, ते म्हणत्यात तसं. न्हायतर आज जेवायचे न्हाईत."

'मदत लागत नाही.' टिक.

*

निमगाव केतकीत पानमळेवाल्यांच्या घरी एक आजी. पुढ्यात खाऊच्या पानांचा ढीग, आणि आजी पानं निवडून एकावर एक लावत बसलेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मला उंबऱ्यातून दिसत होता.

"आजी, दिसतं का नीट?"

"समदं दिसतं."

"मग माझा शर्ट कुठल्या रंगाचा?"

"शर्टाचं काय घिऊन बसलास? हे बघ, हितं भोक हाय." त्यांनी एक पान बाजूला फेकलं.

मी उचलून उजेडात धरलं. सुईच्या टोकाएवढं भोक! नुसत्या बोटानं शोधलेलं! मी गार. पान परत द्यायला गेलो तर आजींनी माझा हातच धरून ठेवला.

"ताप हाय तुला. कधीपासनं हिंडतोयस असा?"

मला खरंच कणकण होती, मलाच धड कळलेलं नव्हतं. मी त्यांना तपासायला गेलो होतो आणि काढा पिऊन बाहेर पडलो!

दृष्टी उत्तम. टिक. काय करणार, आजी टॅबकडं कान लावून बसल्या होत्या.

*

भवानीनगरला कारखान्यातून रिटायर झालेले एक काका.

"एकटेच राहता?"

"एकटा? छ्या! पोरगा हाय, सून हाय, नातू हाय."

"कुठंयत?"

"पुण्याला."

"मग घरात कोण?"

"मी."

"म्हणजे एकटेच ना, काका!"

"आरं, मराठीत सांगतोय की, पोरगा हाय मला!"

मी निघालो तर म्हणाले, जेवून जा. ताट वाढलं, आणि तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. व्हिडिओ कॉल. पलीकडं नातू वरणभात कालवत बसलेला. काकांनी घास उचलला, नातवानं घास उचलला. दोघं एकमेकांकडं बघत, अक्षरही न बोलता, जेवले. मधेच रेंज गेली. चित्र थिजलं. काकांचा घास हातातच राहिला. रेंज येईस्तोवर त्यांनी तो तोंडात घातला नाही!

त्या पोराला फोन लावून चार शिव्या घालाव्यात असं वाटलं. पण काकांसमोर कसला फोन? 'एकटे राहत नाहीत.' टिक.

*

पहिली फेरी संपली. ऑफिसात आमच्या सरांनी नकाशा उघडला. मदत लागणारा माणूस लाल ठिपका, न लागणारा हिरवा. अख्खा पट्टा हिरवागार! एवढी हिरवाई पावसाळ्यात नसते.

सर खूश. "इथले वृद्ध फारच सक्षम दिसतात. गाडी दुसरीकडं वळवू."

"सर, खोटं आहे हे."

"अरे, आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नाही सर, म्हातारे बोलतात!"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. अजून एक फेरी मार."

*

मी परत आबांच्या वस्तीवर. या वेळी आधी शेजारच्या तात्यांकडं गेलो. आबांचं आणि तात्यांचं बांधावरून भांडण. बोलणं कधीच बंद.

"तात्या, काय त्रास?"

"मला? काय बी न्हाय. त्या आबाचं लिव आधी! सुनेनं धरल्याबिगर उठता येत न्हाय त्याला. बिगर साखरेचा चा दिला की वरडतंय. आन वाकता येत न्हाय, चप्पलसुदिक तीच घालती."

मी तसाच आबांकडं. "आबा, तात्या असं असं म्हणतात."

"तात्या म्हणतोय? आरं, त्याला ऐकू येत न्हाय! तू काय इचारलंस ते त्याच्या बायकूनं हात करून सांगितलं आसंल. आन बीपीची गोळी इसरतोय, मग बसतोय कट्ट्यावर डोकं धरून!"

मी उडालोच. काय गाढवासारखा प्रश्न विचारत होतो मी इतके दिवस! तिथून पुढं स्वतःचं कुणाला विचारलंच नाही. शेजारच्याचं सांगा म्हटलं, आणि एकेक वस्ती धो धो बोलायला लागली. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, कोण न्हाणीत पडलं आणि सोफ्यावरून पडलो म्हणून सांगितलं!

पण मला वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आबांकडून निघताना वहिनी म्हणाल्या, "तात्यांच्या वट्यावरचा दिवा येळेवर लागला न्हाय, की आबा मला पाठवत्यात. जा म्हणत्यात, बघून ये म्हातारा हाय का गेला."

आणि हे म्हणे एकमेकांचं तोंड बघत नाहीत!

*

ऑफिसात दुसरा नकाशा उघडला. गावठाणं हिरवी, आणि कालव्याची कड लालेलाल. पाणी जिथून जिथून गेलं तिथं तिथं ही माणसं राहायला गेली, घरं बांधली, आणि तिथंच म्हातारी झाली. ठिपक्याला ठिपका लागून कालवाच उमटला होता! कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या तासाला मी झोपायचो. त्या दिवशी ती लाल रेघ बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

सर म्हणाले, "पण ही ऐकीव माहिती आहे. मी काय चुगल्यांवर गाडी पाठवू? त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे."

*

आबांच्या वस्तीच्या शाळेत मीटिंग लागली. म्हातारे पुढं सतरंजीवर, बाया मागं भिंतीला टेकून. सरांनी सरळच सांगितलं, आज ठरलं नाही तर थांबा दुसऱ्या गावाला जाईल.

"तर रोजच्या कामात ज्यांना कुणाची मदत लागते, त्यांनी हात वर करा."

एक हात वर नाही!

तात्या छताकडं बघतायत. कुणी मिशी कुरवाळतंय, कुणी तंबाखू मळतंय. एकमेकांच्या दुखण्यांची बारशापासूनची माहिती असलेली ही माणसं, आता दगडासारखी गप्प! मागं सुना उभ्या आहेत, ज्यांचे हात झिजलेत, आणि ह्यांना स्वतःचा हात वर करायची लाज! मला सगळ्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"थांबा," आबा म्हणाले.

त्यांनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. पुन्हा जोर केला. पुन्हा तिथंच. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

आबांनी मान वळवली. "सुनंदा, हिकडं ये."

वहिनी डोक्यावरचा पदर धरत पुढं आल्या. अख्ख्या वस्तीदेखत सासऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. काय करायचं त्यांना कळेना.

"हात वर कर माझा."

त्यांनी एका हातानं मनगट धरलं, दुसरा कोपराखाली लावला, आणि सावकाश, खूप सावकाश, तो हात वर नेला. डोक्याच्याही वर. आणि तसाच धरून ठेवला.

सर नुसते बघत बसलेले.

आबा त्यांच्यावर खेकसले, "मोजा की, सायेब! बिगीनं मोजा. तिला आजून वैरण काढायची हाय!"