थोरल्या राजकन्येचा आवाज

शेवगावाकडच्या दोन-चार गावांत अजून एक हकीकत सांगतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका माणसाला दोन मुली होत्या. खेळातल्या थोरल्या राजकन्येचा आवाज त्याची थोरली मुलगी काढायची. एका जत्रेत ती पडद्यामागून 'दगड हो' म्हणाली आणि तिची सख्खी धाकटी बहीण तिथल्या तिथं ताठ झाली. दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून थोरली काळ्या जिभेची.

जत्रा खरी आहे. ताठ झालेली मुलगीही खरी आहे. पण ते दोन शब्द थोरलीचे नव्हते. तिच्या आवाजात ते मी उच्चारले होते. हे तिला, तिच्या बापाला आणि मला ठाऊक होतं. तिनं ते का सांगितलं नाही ते पुढे येईल. मी सांगितलं नाही ते नोकरीसाठी, आणि नंतर नुसत्या सवयीनं.

लढाईची वर्षं होती. मी विशीतला, एका खेड्यातल्या शाळेवर मास्तर. पेटी बरी वाजवायचो आणि गळा इतका बारीक, की विद्यार्थी असताना गॅदरिंगच्या नाटकात बाईचं काम माझ्याकडेच यायचं. बाहुलीवाल्याचा पेटीवाला पलटणीत भरती झाला, तेव्हा म्हातारा माझ्याकडे आला. मास्तरानं बाहुलीवाल्यांत बसणं त्या काळी शोभत नसे, वरपर्यंत गेलं असतं तर नोकरीवर आलं असतं. म्हणून मी लोक जमायच्या आधी मागच्या बाजूनं आत जायचो आणि सगळे पांगल्यावर बाहेर पडायचो. पडद्याआड कोण पेटी वाजवतं ते गावाला माहीत नव्हतं.

गोष्ट जुन्या चालीची होती. आटपाट नगराच्या राजाला दोन मुली. मुलगा अशा गोष्टीत नसतोच. थोरली गंभीर, धाकटी खिदळणारी. थोरली जे बोलेल ते खरं व्हायचं, म्हणून राजानं तिचं बोलणं बंद केलेलं. ती फक्त गायची, कारण गायलेला शब्द कुणाला लागत नाही, बोललेला लागतो. एकदा बहिणींचं भांडण होतं, थोरलीच्या तोंडून शब्द निसटतो आणि धाकटीचा दगड होतो. परमुलखातला राजपुत्र घोड्यावरून येतो, मोठ्या दिमाखानं दगडाला हात लावतो, आणि काहीच होत नाही. इथं लोक हसायचे. मग थोरली गाते. ज्या तोंडानं शब्द गेला त्याच तोंडानं तो माघारी घ्यायचा असतो. दगडाला पाझर फुटतो आणि धाकटी डोळे चोळत उठते.

गंमत अशी, की थोरलीच्या तोंडून निसटलेला तो शब्दसुद्धा खेळात बोलत नसत, गाऊनच म्हणत. त्यापाठोपाठ विदूषकाची बाहुली यायलाच हवी. तिचं पोट सुटलेलं आणि नाक तुटलेलं. ती दगडावर बसायची आणि चटका बसल्यासारखी उठून ढुंगण चोळायची. मला हे सगळं बाळबोध वाटे. मी चार पुस्तकं वाचली होती.

"राग आलेलं माणूस ताना घेतं का?" मी एकदा थोरलीला म्हणालो. "तिथं सरळ बोल. मी पेटी थांबवतो."

"त्ये बोलायचं नसतं मास्तर."

"का पण?"

"आजी बोलली न्हाई, आत्याबी बोलली न्हाई. मंग मीच का बोलू?"

धाकटी दोऱ्यांचा गुंता सोडवत बसली होती. वर न बघता म्हणाली, "मास्तर, तुमीच बोला की. तुमचा आवाज बाईमानसावानीच हाय. आक्कापरीस ग्वाड हाय."

"ए, गप," थोरली म्हणाली, पण हसली.

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "निदान विदूषक तरी जरा उशिरा आणा. लोकांना थोडी भीती वाटू द्या."

म्हातारा खोकला आवरून म्हणाला, "भ्यालेलं मानूस घरी धाडत न्हाईत. त्येची भीती हितंच उतरवायची. म्हून तर त्यो फुटक्या नाकाचा ठिवलाय."

मला ते पटलं नाही.

चैत्रातली जत्रा होती. गावातल्या एका गोठ्याला लागून दोन खाटा उभ्या बांधून आम्ही पडदा लावायचो. जत्रेच्या थोडे दिवस आधी तिथं जागा साफ करताना धाकटीच्या टाचेत गंजका खिळा गेला. शेणात माखलेला होता. मी तो उपसला, हळद दाबली, चिंधी बांधली. ती म्हणाली, "बाला सांगू नगा, न्हाईतर जत्रंत मला बसू द्यायचा न्हाई." मी सांगितलं नाही. मलाही खेळ हवा होता. पाचवीच्या आरोग्याच्या पुस्तकात गंजक्या खिळ्याचा धडा होता, आणि तो मीच शिकवत होतो.

जत्रेच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, भाकरीचा तुकडा हातात धरून ती माझ्याकडे आली.

"मास्तर, त्वांड उघडंना झालंय."

"बरं झालं," मी म्हणालो. "आज तरी गप बसशील."

ती हसायला गेली. ओठ ताणले गेले, दात दिसले, पण हसू आलं नाही. तो चेहरा मला अजून दिसतो. हसण्यासारखा होता, पण त्यात हसू नव्हतं.

रॉकेल रेशनवर मिळायचं, म्हणून खेळ दिवेलागणीलाच सुरू व्हायचा, एका कंदिलावर. पडद्यामागे आम्ही चौघं. थोरलीच्या हातात थोरल्या राजकन्येचे दोरे, धाकटीच्या हातात धाकटीचे, म्हाताऱ्याकडे राजा, राजपुत्र आणि विदूषक. मी खाली बसलेलो. भांडणाचं गाणं झालं. थोरलीनं तो शब्द गायला श्वास घेतला. तेवढ्यात मी पेटीवरून हात उचलले आणि तिच्या आवाजात, सुराशिवाय, सावकाश म्हणालो, "दगड हो."

पडद्यापलीकडं इतकं शांत झालं, की गोठ्यातली गुरं रवंथ करताना ऐकू येत होती. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा विदूषकाची चाल वाजायची वाट बघत थांबला. मी वाजवली नाही. ती शांतता मला हवी होती. मला वाटलं, असा परिणाम आजवर कधी झाला नसेल.

मग धाकट्या राजकन्येची बाहुली हलली. दगड झालेल्या बाहुलीनं हलायचं नसतं. ती आधी थरथरली आणि मग जमिनीवरून हळूहळू वर उचलली जाऊ लागली. मान मागे, पाय मागे, कमानीसारखी वाकत. समोर एक मूल रडू लागलं. कुणीतरी "आई गं" म्हणालं. लोकांना तो खेळच वाटत होता. मी वर पाहिलं. धाकटीची मान तशीच मागे गेली होती, पाठीची तशीच कमान झाली होती, आणि मुठीत दोरे आवळलेले. तिचे डोळे उघडे होते. ती शुद्धीवर होती आणि माझ्याकडे बघत होती.

ती पडली तेव्हा खाट पडली आणि पडदाही पडला. मी अंधारात गोठ्यातून मागच्या मागे निघून गेलो. पेटीचा भाता मी नीट मिटला नव्हता. पडलेल्या खाटेनं एक पट्टी दाबली गेली, आणि भात्यात उरलेल्या हवेवर तिचा स्वर वाजत राहिला होता. बराच लांब गेल्यावरही तो मला ऐकू येत होता असं मी म्हटलं, तर कुणाला खरं वाटणार नाही.

लोक आत धावले तेव्हा त्यांना दिसली ती थोरली. हातात थोरल्या राजकन्येचे दोरे, दुसरा हात स्वतःच्या तोंडावर. आवाज तर सगळ्यांनी ऐकलेलाच होता.

पोरीला बैलगाडीत घालून नगरच्या दवाखान्याकडे नेलं. ती वाटेतच गेली. कुठल्या डॉक्टरनं तिला पाहिलं नाही, म्हणून रोगाला कुणी नाव दिलं नाही. मला मात्र नाव माहीत होतं. धनुर्वात. मी ते नाव चावडीवर जाऊन सांगितलं असतं तर थोरलीच्या जिभेवरचा डाग तिथंच पुसला गेला असता. पण खिळा तुम्ही कधी पाहिलात मास्तर, असं कुणी विचारलं असतं. मी गप्प राहिलो. त्या वर्षी आरोग्याच्या पुस्तकातलं ते पान मी मुलांकडून वाचून घेतलं नाही. पुढे कुठंतरी वाचलं, की या रोगात अचानक आवाज झाला की झटका येतो. म्हणजे माझ्या शब्दानं तिला काही झालंच नाही, असंही मला स्वतःला सांगता येत नाही.

थोरली पाणवठ्यावर आली की बाया कडेवरच्या मुलांचे कान झाकायच्या. खेळ बंद पडला. म्हातारा गेल्यावर ती जामखेडकडं चुलतभावाच्या घरी राहायला गेली. लग्न झालं नाही. माझं सगळं यथास्थित झालं, बदल्या, संसार, पेन्शन. मुलं म्हणतात, आमचे अण्णा कधी रागावले नाहीत. त्यांना कारण माहीत नाही. रागात माझा आवाज बारीक होतो, आणि बारीक झाला की तो माझा राहत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच भागातला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, थोरली ज्या चुलतभावाकडे राहते त्याच्या नातीचं लग्न मोडायच्या बेतात आहे. मुलाकडचे म्हणतात, घरात काळजिभी बाई आहे, साखरपुड्यालाच तिचा शब्द लागायचा. मी एस.टी. पकडून गेलो.

थोरली ओसरीवर गोधडी शिवत बसली होती. मला तिनं लगेच ओळखलं.

"मास्तर, म्हातारं झालात की."

"मी सांगणार आहे," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर."

"पडद्यामागचा आवाज भायेर सांगत न्हाईत. जो काय आवाज आसंल त्यो बाहुलीचा. बा मरस्तोवर ह्येच म्हनला. म्हून म्या कुनाला बोलले न्हाई."

"मी तुमच्या खेळातला नव्हतो. मला तो नियम नाही."

तिनं दात लावून दोरा तोडला. "मंग तवाच सांगायचं हुतं."

मी दोन दिवस तिथंच राहिलो.

साखरपुड्याला बैठक भरली. थोरलीला मागच्या खोलीत बसवलं होतं, दार ओढून घेतलेलं. मी उभा राहिलो आणि खिळ्यापासून सगळं सांगितलं. मुलाचा मामा ऐकून हसला.

"आजोबा, घर वाचवायला आलाय तुमी. चांगलं हाय. पन बाईचा आवाज गावानं ऐकलाय. तुमी तर बाप्या मानूस."

"काढून दाखवा म्हणावं," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

काढून दाखवण्यावाचून मार्ग नव्हता. मुलगी समोरच पाटावर बसली होती, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. ऐंशीच्या घरातला माझा गळा, कफानं भरलेला. वाटलं, काहीच निघणार नाही. पण तो आवाज तसाच निघाला, जसा ठेवला होता तसा. तरुण मुलीचा, सुराशिवायचा.

"दगड हो."

मी वळलो तेव्हा कुणी हलत नव्हतं. मामाच्या हातातली सुपारी तशीच होती. आता इथं कुणी विदूषक नव्हता आणि मी सगळ्यांना पुन्हा तसंच सोडणार होतो, हे माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून गाणं ऐकू आलं. म्हातारा, चिरका आवाज, पण सुरात.

"दगडा दगडा, पाझर रे,
माझी धाकली मला दे रे."

त्या संध्याकाळी राहून गेलेलं ते गाणं होतं. माझी बोटं मांडीवर हलायला लागली. ओढलेलं दार उघडलं. थोरली गातच बाहेर आली, कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही. गाणं पुरं झाल्यावर तिनं ताटातली चिमूटभर साखर घेतली आणि पोरीच्या हातावर ठेवली.

"खा, बाय," ती म्हणाली. हे मात्र तिनं गायलं नाही, सरळ बोलली.

पोरीनं आईकडे पाहिलं, मग मामाकडे. मी तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिनं तोंड उघडलं, साखर घातली आणि चावली.