एक्केचाळीसची ओंजळ

त्यांना सगळे ‘काटा’ म्हणत. तोंडावर काटाकाका, पाठीमागे नुसतं काटा. मेंढ्यांच्या त्या संशोधन केंद्रात त्यांनी अठ्ठावीस वर्षं एकच काम केलं होतं, खुराक मोजायचा आणि गव्हाणीत टाकायचा. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे साडेतीनशे. काटा जरा खाली गेला की ते चिमटीने चार दाणे उचलून पोत्यात परत टाकत. गोठा झाडणारी बाई हसायची. “काका, चार दाण्यांनी काय मेंढीला ढेरी येणार आहे?” त्यावर ते शांतपणे म्हणायचे, “मेंढीचं नाही गं, माझा हात बिघडेल.” अशा माणसाशी थट्टा तरी किती वेळ करणार? ती आपली झाडू उचलून पुढे जायची.

गेल्या वर्षी डॉक्टरबाईंनी साठ गाभण मेंढ्यांवर प्रयोग लावला. बाई वयाने लहान, काकांच्या मुलीपेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठ्या, पण कामाला चोख. तीस मेंढ्यांच्या कानात हिरवा बिल्ला, तीस मेंढ्यांच्या कानात पिवळा. चारा सगळ्यांना सारखा. खुराक मात्र हिरव्यांना साडेतीनशे ग्रॅम आणि पिवळ्यांना पहिले अडीच महिने त्याच्या निम्मा, पावणेदोनशे. नंतर सगळ्यांना पोटभर. आईच्या पोटात असताना सुरुवातीला आबाळ झाली तर कोकराचं पुढे काय होतं, ते बघायचं होतं. “मोजण्यात चूक झाली तर सगळं पाण्यात जाईल, म्हणून हे काम तुमच्याकडे,” असं बाई म्हणाल्या तेव्हा काटाकाकांची मान ताठ झाली होती. आयुष्यात त्यांना फारसं कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, त्यामुळे एवढंही पुष्कळ झालं.

खाताना प्रत्येक मेंढीला वेगळ्या कप्प्यात कोंडायचे, एकीने दुसरीच्यात तोंड घालू नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात एकदा पिवळी एक्केचाळीस आपली गव्हाण चाटूनपुसून मोकळी झाली आणि फळीच्या फटीतून तोंड बाहेर काढून उभी राहिली. ओरडली नाही, शिंगं आपटली नाहीत. बाकीच्या एकोणतीस मेंढ्या ब्यां ब्यां करून गोठा डोक्यावर घेत होत्या, त्यांचं काही वाटलं नाही. ही गप्प राहिली, ते मात्र त्यांना सोसवेना.

कारण गप्प राहणारं एक माणूस त्यांनी पाहिलं होतं.

ही नोकरी लागण्याआधी त्यांची गिरणी बंद पडली आणि सात महिने ते घरी बसले. बायकोला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. घरात शिजायचं ते एका लहान पातेल्यात. ती त्यांना वाढायची आणि म्हणायची, “तुम्ही जेवा, माझं मघाशीच झालं.” पातेल्यावर पत्र्याचं झाकण असायचं. त्यांनी ते झाकण कधी उचललं नाही. उचललं तर आत काय दिसेल हे ठाऊक होतं, म्हणूनच उचललं नाही. भूक लागलेली असायची. ते मान खाली घालून जेवायचे.

पुढे नोकरी लागली, मुलगी झाली, दुधाफळांना कधी तोटा पडला नाही. मुलगी बाळसेदार होती. सगळं निभावलं, असंच त्यांना वाटत होतं. पण तेविसाव्या वर्षी मुलीला साखरेचा आजार निघाला. दवाखान्यात विचारलं, घराण्यात कुणाला आहे का? कुणालाच नव्हता. बायको त्यानंतर वर्षभरात गेली. त्या सात महिन्यांबद्दल ती शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही.

एक्केचाळीससमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग पोत्यात हात घातला आणि एक ओंजळ तिच्या तोंडापुढे धरली. दुसऱ्या दिवशीही धरली. अडीच महिने संपेपर्यंत धरली. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत असूनही दिली.

दर आठवड्याला मेंढ्यांची वजनं व्हायची. पिवळ्या झडत गेल्या, एक्केचाळीस होती तशी राहिली. बाईंनी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘चिवट’.

वर्ष गेलं. कोकरं मोठी झाली, रक्त तपासून झालं आणि बाईंनी सगळ्या कामगारांना खोलीत बोलावून निकाल सांगितला. सोप्या भाषेत सांगितला, ही त्यांची चांगली सवय.

“जन्मली तेव्हा सगळी कोकरं सारखीच दिसत होती. पण पिवळ्यांची कोकरं आता बघा. मांस कमी, आत चरबी जास्त, रक्तातली साखर आवरत नाही. असं समजा, घरात दिवे तेवढेच आहेत, जनुकं तीच आहेत. पण कुठला दिवा लागायचा आणि कुठला विझायचा, ती बटणं आईच्या पोटात पहिल्या महिन्यांत दाबली जातात. नंतर कितीही खाऊ घाला, बरीचशी बटणं तशीच राहतात.”

काटाकाकांच्या मुलीला चौथा महिना चालू होता. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून ती त्यांच्याकडेच राहत होती. सगळे गेल्यावर ते मागे थांबले.

“बाई, माणसांतही असंच?”

“बरंचसं असंच असावं, काका. का?”

त्यांनी मुलीचं सांगितलं. तिच्या आईचं सांगितलं. आपण जेवत होतो, हे मात्र सांगितलं नाही. “आणि तिच्या पोटातल्याला? त्यालाही पोचतं का हे?”

बाईंनी निकालाचा कागद पुढे ओढला. “खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण ही एक्केचाळीस बघा. अर्ध्या पोटावर राहिली आणि कोकरू अगदी ठणठणीत. सगळं नशिबावर नसतं, काका. काही आया आपल्या अंगावर झेलतात, लेकराला झळ लागू देत नाहीत. तुमची लेकही तशीच असेल. मी तर हिच्या कोकरापासून पुढचा सगळा कळप वाढवणार आहे, टंचाईत तग धरणारा.”

एवढ्या मायेने त्यांची समजूत कुणी काढली नव्हती. आणि ती सगळी त्यांच्याच ओंजळीतली होती. ते “बरं” म्हणाले आणि घरी आले.

आठ दिवस ते मूग गिळून बसले. बोलावं तर अठ्ठावीस वर्षांचं नाव मातीत जाणार. न बोलावं तर एका लबाडीवर कळपच्या कळप उभा राहणार, आणि खरी टंचाई आली की त्या मेंढ्या पटापटा मरणार. जीव अडकला होता तो याहून वेगळ्याच जागी. एक्केचाळीस खरी असती तर मुलीच्या बाळाला आशा होती. आपणच तोंड उघडून ती आशा मोडायची, हे त्यांच्याने होईना. नवव्या दिवशी सकाळी खुराक मोजताना चार दाणे जास्त पडले आणि ते उचलायचे राहून गेले. ते तसेच उठून बाईंच्या खोलीत गेले.

“एक्केचाळीसला मी खायला घालत होतो.”

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “तुम्ही? काका, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.”

“हो.”

“किती द्यायचात?”

“ओंजळभर. रोज.”

“ओंजळ म्हणजे किती?”

त्यांनी मान खाली घातली. “पावणेदोनशे. पहिल्याच दिवशी मोजली होती.” चोरी करतानासुद्धा त्यांनी ओंजळ काट्यावर घातली होती. सवय म्हणतात ती अशी.

बाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. “पावणेदोनशे आणि पावणेदोनशे. म्हणजे बिल्ला पिवळा, पण पोट हिरव्यांचं. ती चिवट नव्हतीच. तिला पुरेसं मिळत होतं, एवढंच.” त्यांनी एक्केचाळीसच्या नावावर रेघ मारली. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. “बाकीच्या एकोणतीस जणींना एवढंच कमी पडलं बघा. एक ओंजळ.”

मग म्हणाल्या, “उद्यापासून काट्यावर दुसरं कुणी बसेल. तुम्ही पेंढ्याचं काम बघा.”

“हो, बाई.”

ते दिवस मावळायच्या आत घरी पोचले. मुलगी ओट्यापाशी होती. तिने त्यांचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि सहज म्हणाली, “तुम्ही बसा, बाबा. माझं मघाशीच झालं.”

ते बसले नाहीत. ओट्याकडे गेले आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. आत भात होता, भाजी होती, दोघांना पुरून उरेल एवढी. तिचं धुतलेलं ताट नळाशी पालथं घातलेलं होतं.

“काय बघताय? वाढलेलं कमी आहे का?”

“तू खरंच जेवलीस?”

“जेवले की. मला वेळेवर खायला सांगितलंय ना दवाखान्यात. का हो?”

ते म्हणाले, “तुझ्या आईला मी हे कधी विचारलं नाही.”

तिला काही उमगलं नाही. ताट निवत होतं आणि बाप हातात झाकण धरून उभा होता. जुनंच झाकण, पत्र्याचं, कडेला पोचा आलेलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदाच उचललं होतं. काट्यावर शंभर ग्रॅमसुद्धा भरलं नसतं.