इंजिन तेच होतं

सुखदेव मिस्तरी गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, सुजातानं केला तेव्हा मी यवतमाळला बँकेच्या रांगेत उभी होते. "बाबा सकाळी गेले, ताई. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी रांग सोडून बाहेर आले आणि पायरीवर बसले. रडू आलं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्या रडण्यात कुठेतरी हायसंही वाटत होतं. हा माणूस डोक्यावरचं ओझं खाली ठेवून गेला होता आणि ते खाली ठेवताना मी त्याला पाहिलं होतं. आता दीड महिना उलटलाय. ते ओझं आमच्याच घरानं त्यांच्या डोक्यावर दिलेलं, म्हणून हे मीच लिहायला हवं.

आमचं घर दिग्रसचं. वडिलांची, म्हणजे अप्पांची, तिथे कापसाची जिनिंग होती. मी लहान असताना अप्पांनी मुंबईहून एक गाडी आणली. कुठल्याशा परदेशी वकिलातीतला साहेब मायदेशी परतताना ती विकून गेला होता. लांब नाकाची, दोनच दारांची, गडद निळी अमेरिकन गाडी. स्टिअरिंग डाव्या हाताला आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. तिकडची तरुण पोरं वेगाच्या नादापायी अशा गाड्या घेतात, हे मला फार पुढे कळलं. दिग्रसमध्ये बिचारी कापसाच्या बैलगाड्यांमागे रांगत चालायची. गावानं तिचं नाव 'अमेरिकावाली' ठेवलं. ती पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, सुटे भाग कुठेच मिळायचे नाहीत. चार-पाच वर्षांनी अप्पांनी ती गोदामात उभी केली ती केलीच. उंदरांनी गाद्या खाल्ल्या, पत्र्यावर सरकीची धूळ बोटभर साचली.

मी शिकून दिग्रसच्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, त्या सुमारास अप्पांच्या मनात पुन्हा ती गाडी आली. जो तो सांगे, जीपचं डिझेल इंजिन बसवा आणि मोकळे व्हा. अप्पांनाही ते पटत चाललं होतं. त्यांनी सुखदेव मिस्तरींना बोलावलं. आर्णी रोडवर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, गावातल्या व्यापाऱ्यांच्या जीपा आणि आमच्या जिनिंगची यंत्रं त्यांच्याच हाताखालून जायची. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं सडपातळ, बोलणं कमी. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले. मग म्हणाले, "मालक, डिझेल टाकाचं असन त दुसरा मिस्तरी पाहा. हिच्यातून जे निंगन ते हिच्यातच जाईन, असं असन त मी करतो."

त्यांनी दीड वर्ष काम केलं. गोदामातच जागा करून घेतली होती. चेनपुलीला टांगून इंजिन बाहेर काढलं तेव्हा मी तिथे होते. कॉलेजातून परत येताना रोजच मी तिथे डोकवायची. कॉलेजातल्या कंटाळ्यावर तो उतारा होता. खोललेला प्रत्येक बोल्ट ते टिनाच्या पत्र्यावर ओळीनं मांडत आणि त्याखाली खडूनं आकडा टाकत. गंजलेला बोल्टही फेकून देत नसत, रॉकेलमध्ये भिजवून, आटे साफ करून तोच परत लावत. इंजिनाच्या जोडात बसणारं गॅसकिट मिळेना तेव्हा जाड पत्रा आणून कात्रीनं आठवडाभर कापत बसले. निळा रंग मूळचाच आहे का, हे पाहायला त्यांनी डिकीच्या आतल्या कोपऱ्यात नखानं खरवडून पाहिलं. खाली दुसरा रंग निघाला नाही तेव्हा ते असे खूष झाले, जणू कोणी त्यांच्या घरच्या माणसाची तारीफ केली होती.

आणि एके सकाळी ती सुरू झाली. तो आवाज कानांच्या आधी छातीत यायचा. जिनिंगवरच्या बाया काम सोडून दाराशी आल्या. अप्पांनी मिस्तरींना शेजारी बसवलं, मला मागे, आणि आम्ही आर्णीपर्यंत जाऊन आलो. वाटेत मिस्तरी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोप लागली. ते ऐकत होते.

पुढे तीन-चार वर्षांनी अप्पांनी गाडी विकायचं ठरवलं. मुंबईचा एक हौशी गिऱ्हाईक तयार झाला आणि त्यानं आपला दलाल पाठवला. दलालानं बॉनेट उघडलं, इंजिनाच्या पुढच्या बाजूला ठोकलेला नंबर कागदावर उतरवला आणि आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला. जुळेना. मूळ इंजिन काढून विकलंय आणि भलतंच बसवलंय, असं त्यानं घरी आलेल्या पाहुण्यांसमोर अप्पांना सांगितलं. अशा गाडीत इंजिन मूळचं नसेल तर तिला भंगाराची किंमत, म्हणाला. अप्पांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

त्याच दुपारी मिस्तरींना जिनिंगच्या ऑफिसात बोलावलं. मी भिंतीशी उभी होते. अप्पांनी विचारलं, इंजिन कुठं विकलं?

"मालक, मी तिचं काहीच बदलवलं नाही."

"मंग नंबर काहून जुयत नाही?"

 "ते मले नाही समजत," मिस्तरी म्हणाले.

खरं तेवढंच होतं, पण खोटं बोलणारा माणूसही असंच म्हणाला असता. अप्पा म्हणाले, पोलिसात देत नाही, हेच उपकार समज. मिस्तरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दीड वर्ष रोज तिथे होते. चेनपुलीला टांगलेलं इंजिन आणि परत आत उतरलेलं इंजिन एकच होतं, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. मी खाली पाहिलं... का, याचं उत्तर मी अनेक तऱ्हांनी स्वतःला दिलंय. अप्पांचा धाक होता, पाहुणे होते, नंबराचं मलाही कळत नव्हतं. आणि एक कारण असं, जे आम्ही घरात कधी उच्चारलं नाही. मिस्तरी बौद्धवाड्यातले नसते, अप्पांच्या नात्यातले किंवा बरोबरीचे असते, तर अप्पांनी दलालावर एवढ्या लवकर विश्वास ठेवला असता का? मला वाटतं, नसता ठेवला.

महिनाभरात व्यापाऱ्यांच्या जीपा त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या. जिनिंगचं काम तर बंदच होतं. त्यांनी गॅरेज उचललं आणि आर्णीला घरासमोर छोटंसं दुकान टाकलं. पंप आणि मोटरसायकली दुरुस्त करू लागले. अधूनमधून बाजारात दिसायचे. "बरं हाय ना, ताई?" असं दरवेळी विचारायचे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

अप्पा गेले, मी नोकरीतून निवृत्त झाले. सौदा फिसकटल्यापासून गाडी गोदामातच पडून होती; धाकट्या भावाला ते पाडायचं होतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी गाडीचा प्रश्न परत निघाला. ओळखीतून हैदराबादच्या मोईनसाहेबांचं नाव कळलं. सत्तरीचे गृहस्थ, जुन्या अमेरिकन गाड्या अस्सल आहेत की जुळवलेल्या, हे तपासण्यात आयुष्य गेलेलं. मी त्यांना फोनवर आधीच सांगून टाकलं की इंजिन मूळचं नाही म्हणतात. ते म्हणाले, म्हणू द्या, मी येऊन पाहतो. पांढरकवड्यावरून ते सकाळीच पोचले. सगळा दिवस त्यांनी गाडीखाली आणि गाडीवर काढला. दाराच्या कडेची पट्टी, काचेखालचा चासी नंबर, काचांवरच्या बारीक खुणा, सगळं वहीत उतरवलं. मग इंजिनाच्या मागच्या अंगाला दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा घातला, बॅटरी मारली, आणि मला आरसी बुक वाचायला सांगितलं. मी एकेक आकडा वाचत गेले. ते आरशात पाहून मान हलवत गेले.

प्रकरण एवढंसं होतं. बुकात लिहिलेला नंबर इंजिनाच्या साच्याचा होता. ओतीव अक्षरांत, मागच्या बाजूला. त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या इंजिनांवर तोच असतो. पहिल्यांदा नोंद करताना कोणीतरी तो उतरवून घेतला. गाडीचा स्वतःचा नंबर पुढे ठोकलेला होता, आणि त्याचे शेवटचे सहा आकडे चासी नंबरच्या शेवटच्या सहा आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. दलालानं पुढचा नंबर बुकाशी ताडला, चासीशी ताडलाच नाही. मोईनसाहेबांनी हात पुसले आणि म्हणाले, "इंजन वही है, बेटी. पैदाइशी."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोईनसाहेबांना घेऊन आर्णीला गेले. सुखदेव मिस्तरी अंगणात बाजेवर बसले होते. छातीचा आजार झाला होता, बोलताना दम लागायचा. सुजातानं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, थोडं अडखळत.  मिस्तरींनी कागद मागितला, माझ्याकडून दोन्ही नंबर लिहून घेतले आणि साच्याच्या नंबरावर बोट ठेवलं.

"हा त म्या बरशानं घासून काढलता. ग्रीस लागेल होतं त्याच्यावर." जरा वेळ ते त्या आकड्यांकडेच पाहत होते. "हा बुकात होता?"

मी हो म्हणाले.

"बुक मले कोणी दाखवलंच नाही, ताई."

 अठ्ठावीस वर्षं त्या घरानं सोसलं, आणि त्या दुपारी ऑफिसातल्या टेबलावर पडलेलं बुक उचलून त्यांच्या हातात दिलं असतं तर सगळं पाच मिनिटांत मिटलं असतं. मी म्हणाले, मिस्तरी, मी तेव्हा तिथं होते, मला माहीत होतं, मी बोलले नाही. वाटलं होतं, ते 'जाऊ द्या' म्हणतील. ते म्हणाले, "बोलाले पाह्यजे होतं." थोडा दम घेतला. "आता बोलून राह्यली ना. पण मलेच सांगून काय होते, ताई? मले त मालूमच होतं."

त्यांना काय हवंय ते मला कळलं. मी एका पानाचं पत्र लिहिलं. आमच्या वडिलांनी केलेला आरोप खोटा होता, काम माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि मी गप्प राहिले. खाली सही केली, मोईनसाहेबांचा तपासणीचा कागद जोडला आणि दिग्रसच्या बाजारात दुकानादुकानांत जाऊन स्वतः वाचून दाखवलं. भाऊ नाराज झाला. अप्पांचं नाव कायले काढतेस, म्हणाला. पण त्यानं अडवलं नाही. काही म्हाताऱ्या व्यापाऱ्यांना सगळं आठवत होतं, त्यांनी मान खाली घातली. काहींना काहीच आठवेना. कोण सुखदेव, कोणती गाडी, म्हणाले. या विसरलेल्या लोकांपुढे उभं राहणं मला जास्त जड गेलं. त्यांनी सहज काम बंद केलं होतं आणि सहज विसरलेही होते.

गाडी शेवटी हैदराबादच्याच एका शौकिनानं घेतली. त्याआधी ती पुन्हा सुरू करायला मिस्तरी चार दिवस खुर्ची टाकून गोदामात बसले, हात मोईनसाहेबांचे आणि कान यांचे. गाडी ट्रकवर चढवून नेऊ, असं ठरत होतं. मिस्तरींनी ते होऊ दिलं नाही. ती स्वतःच्या चाकांवर निघाली, दिग्रसच्या बाजारातून, दिवसाढवळ्या, आणि शेजारच्या सीटवर सुखदेव मिस्तरी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. केळापूर ओलांडून महामार्ग लागेपर्यंत ते गेले. मी माझ्या गाडीत मागोमाग होते, त्यांना परत आणायला. ते उतरले, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत उभे राहिले. मला भीती वाटत होती की त्यांना वाईट वाटत असेल. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "चार नंबरचं सिलिंडर जरासं कुरकुरते. साहेबाले सांगतलं हाय म्या." आणि परतीच्या वाटेवर खिडकी उघडी टाकून शांत झोपले.

त्यानंतर ते वर्षभर होते. मी महिन्यातून एकदा तरी जायची. आमच्या गप्पा कधी फार रंगल्या असं नाही. पण बसता यायचं.

मिस्तरींच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीच्या, दिवशी आर्णीला बरीच माणसं आली. वंदना झाली, जेवणं झाली, आणि माणसं पांगल्यावर सुजातानं मला दुकान दाखवायला नेलं. शटर अर्धं उघडलं तसा ऑइलचा वास आला. नटबोल्टचे पाने भिंतीवर खिळ्यांना मापानं टांगलेले होते. एका फळीवर जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे घडी करून ठेवले होते, वीतभर उंचीचा गठ्ठा. मी विचारलं, हे हात पुसायचे का?

सुजाता म्हणाली, नाही. दिग्रस सोडल्यापासून बाबा प्रत्येक कामानंतर काढलेला जुना भाग, मग तो घासलेला प्लग असो की तुटका बोल्ट, असल्या फडक्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मोजायला लावायचे. "पाहून घ्या, तुमचंच हाय," असं म्हटल्याशिवाय कोणाला जाऊ द्यायचे नाहीत. लोक हसायचे, ते ऐकायचे नाहीत. फडकी ती आणि तिची आई सुट्टीच्या दिवशी कापून ठेवायच्या.

"मागच्या वर्षी आम्ही कापली ती हीच," ती म्हणाली. "गाडी गेली त्याच्यानंतर बाबांनी एकही वापरलं नाही. काम झालं की नुसतं म्हणायचे, झालं, घेऊन जा."

मी वरची घडी उचलून पाहिली. कोरी होती, तेलाचा एक डागही नव्हता. ती परत ठेवली, आणि आम्ही दोघी त्या फळीपाशी बराच वेळ बसून राहिलो.