साडूंचा बांध आणि चीनचा समुद्र

चीनवर संशय घेण्याची स्पर्धा कुठे भरलीच, तर आमचे तीर्थपुरीचे साडू नाव न नोंदवताही पहिले येतील. टीव्हीवर चीनचा मंत्री हसून हात मिळवताना दिसला, की हे त्याचे पाय बघतात. "हात इकडं हाय, पाय कुठं सरकून राह्यला ते बघा!" बाजारात लसूण घेताना "कुठला?" विचारतात आणि विकणारा "गावरान" म्हणाला, की संशय वाढतो. यंदा सोयाबीन लावायचे की कापूस, हे ठरवताना मोबाइल ज्वारीच्या कोठीत बंद होतो. चीनला हे कळले तर काय होईल, हे विचारायची कुणाची छाती नाही.

समुद्राच्या भांडणात आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल चीनने झुगारला, हे तर त्यांचे खास दुखणे. "करारावर सही बी करतो, आन निकाल इरोधात गेला की पंच खोटे म्हनतो. बिलकुल बांध कोरनाऱ्याची औलाद!" बांध कोरणारा म्हणजे दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध थोडाथोडा खाणारा; आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या आणि लागूनच असलेल्या धाकट्या भावाच्या शेताची सरकारी मोजणी झाली. अर्जावर दोघांच्याही सह्या होत्या. हद्दीचा दगड नेमका साडूंच्या रानात बराच आत पडला. साडू उसळले, "ही मोजणी आपल्याला मान्य न्हाई! वाडवडलांपासून आमचं हाय हे!"

माझी जीभ मेली गप्प बसते कुठे! "साडूभाऊ, चीन अगदी हेच म्हणतो," मी म्हणालो. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझा फोन घेतला नाही. पण पेरणीआधी मुकाट्याने दगडापर्यंत मागे सरले आणि ती पट्टी भावाला सोडून दिली.

धाकट्याने ती पेरलीच नाही. थोरला सुखासुखी मागे सरतो, म्हणजे पुढे कोर्टाचा डाव असणार, अशी त्याची खात्री. संशय त्या घरात सगळ्यांनाच सारखा वाटून आला आहे. परवा गेलो, तर दोन्हीकडे कापूस आणि मधल्या पट्टीत गुडघाभर गवत.

"अरे, पेर की! तुझंच हाय ते!" साडूंनी पलीकडे खुरपणाऱ्या भावाला हाक दिली.

"दादा, आधी डाव काय हाय ते सांगा, मंग पेरतो!" त्याने मानही वर केली नाही.

साडू तिथेच बांधावर बसले. गवताची एक काडी उपटत म्हणाले, "साडूभाऊ, उद्या चीन खरंच सरळ वागला, तर त्याच्यावर कोन इस्वास ठेवील हो?"

मला फार वाईट वाटले. चीनबद्दल इतक्या हळव्या आवाजात ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते.