भित्र्या काकांची तिरफळं

बहरीनमध्ये भिण्यासारखं जे जे आहे, ते सगळं आमच्या काकांनी आधीच भिऊन ठेवलं होतं. आम्हा बाकीच्यांसाठी काही शिल्लकच नव्हतं. काका म्हणजे माझ्या मामाचे मित्र, वेंगुर्ल्याकडचे, एसी दुरुस्त करणारे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी नोकरीवर आलो, तेव्हा जिदहफ्सच्या आपल्या खोलीत त्यांनी मला जागा दिली. खिडकीजवळची, कारण खिडकीतून पडायची त्यांना भीती. लिफ्ट अडकेल म्हणून ते जिने चढत. रेसिडेंट कार्ड खिशात आहे ना, हे आंघोळीला जातानाही चाचपत. समुद्रात भराव घालून केलेल्या अमवाज आयलंड्सवर काम निघालं की डबा नेत नसत. "समुद्राची जागा ती. मागितल्यान तर परत दिवची लागतली. जेवत कसलो बसतस?" फोनवर ते कधी हॅलो म्हणाले नाहीत. पलीकडच्याला धसका बसू नये म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं: "भियाव नको, काय एक झाला नाय." मग, दूध आण.

या सगळ्यावर त्यांचं एकच औषध, तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात ठेचून घालतात तेच. त्याचं साल ते पाण्यात उकळून पीत. "पोटात ऊब आसली की भय बसणा नाय," म्हणत. पण सुट्टीवरून येताना स्वतः कधी आणत नसत. कस्टमवाल्याने विचारलं, तर तिरफळाला अरबीत काय म्हणायचं?

एकदा गावाहून येणारं कोणी मिळेना आणि डबा रिकामा झाला. मी त्यांना बाजारातल्या एका चिनी दुकानात नेलं. बरणीत तिरफळाचं सख्खं भावंडच होतं, जरा लहान, लालसर. दुकानदार बाईंनी पोटावर हात फिरवला, थंडी वाजल्याचा अभिनय केला आणि मोडक्या अरबीत म्हणाल्या, "झैन, झैन!" म्हणजे उत्तम. त्यांच्याकडेही गारठलेल्या पोटाला हेच देतात. काका इतके हरखले की आयुष्यात पहिल्यांदा न भिता त्यांनी चिमूटभर तोंडात टाकून चावलं.

गाडीत बसेपर्यंत त्यांचे ओठ बधिर झाले होते. जीभ वळेना, लाळ गळू लागली. माझ्या वडिलांचं तोंड वाकडं झालं तेव्हा मी इथे होतो, फोनवर त्यांचं बोलणं मला कळलं नव्हतं. तेच आठवून मी ॲक्सिलरेटर दाबला. हॉस्पिटलच्या वाटेवर काका जड जिभेने कसंबसं म्हणाले, "घरवालेक सांगू नको. एकटीच आसा. भियातली."

डॉक्टर बाईंनी तपासलं, विचारलं, "अंकल, मुँह में क्या डाला था?" काकांनी मूठ उघडली. बाईंनी एक दाणा हुंगला आणि हसू दाबत पाणी मागवलं. अर्ध्या तासात जीभ परतली. "मेल्या, गाडी किती जोरात हाकतंस! मी तुझ्या ड्रायव्हिंगान मेलो असतंय!"

काका आता कायमचे गावी गेलेत. दर शुक्रवारी फोन येतो, त्याच वाक्याने सुरू होतो. गेल्या शुक्रवारी मात्र पलीकडून "हॅलो" आलं. आवाज काकूंचा होता.

"हेंका नीट बोलूक जमणा नाय. पडान आसत. पण पयला ह्याच सांग म्हणतत: भियाव नको, काय एक झाला नाय."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्या मागे राहिलेल्या डब्यातलं एक तिरफळ पाण्यात टाकलं, उकळलं, प्यालो. आणि पोटात ऊब यायची वाट बघत बसलो.